दोरीला बांधलेलं पेन

३ मार्च, सोमवार

फळा! धुलाई विभागात फळा! इथे वाफेनं भिंतीला रंग टिकत नाही, आणि नव्या बाईंनी आज तिथे पांढराशुभ्र फळा ठोकून घेतला. घडीच्या टेबलासमोर, येता-जाता डोळ्यांत भरेल असा. अगदी कोरा. कडेला दोरीनं बांधलेलं पेन. दोरी कशाला? आम्ही काय पेनं पळवतो?

जुने साहेब बरे होते म्हणायची वेळ आली. दारात उभे राहून ओरडायचे — आज एवढ्या चादरी, एवढे गाऊन, नाहीतर घरी बसा! — की निघाले. माणूस खेकसायचा, पण काय हवंय ते तरी कळायचं. या बाई ओरडत नाहीत. मशीन बंद करायला लावली, सगळ्यांसाठी खुर्च्या मागवल्या (खुर्च्या!) आणि म्हणाल्या, "वर्षभरानं आपला विभाग कसा असावा, ते तुम्हीच एका वाक्यात लिहा. नाव घालू नका. तुम्ही जे ठरवाल, त्यासाठी मी वरच्यांशी भांडेन."

मी इथली मुकादम. अर्धं आयुष्य या हॉस्पिटलच्या चादरी धुण्यात गेलं. आम्हाला कुणी फुकट खुर्ची देत नाही. काहीतरी शिजतंय.

४ मार्च

कुणी काही लिहिलं नाही. शहाणी आहेत सगळी.

७ मार्च, शुक्रवार

चहाच्या वेळी इस्त्रीवाले काका उठले. म्हणाले, "बिचाऱ्या बाई रोज फळ्याकडे बघून जातात. 'चादरी वॉर्डात वेळेवर पोचाव्यात' असं लिहू का?"

मी हातच धरला त्यांचा. "काका, म्हणजे आज उशिरा पोचतात, हे तुम्हीच लिहून दिलंत ना!"

"बरं, मग 'डाग राहू नयेत'?"

"म्हणजे राहतात!"

काका विचारात पडले. "मग 'सगळं छान चाललंय' लिहितो."

"मग फळा कशाला, आणि तुम्ही तरी कशाला?"

सगळे खो खो हसले. पण पटलं सगळ्यांना. काहीही लिहा, ती कबुलीच होते. ठरलं — पेनाला कुणी हात लावायचा नाही. फक्त धाकटी हसली नाही. धाकटी म्हणजे माझी जाऊ. मीच चिकटवली तिला इथे घडीच्या टेबलावर. नुसती चादरीचे कोपरे जुळवत बसली होती.

घरी यांना सांगितलं, तर हे म्हणतात, "अगं, तुला कुणी फूल दिलं तरी तू आधी त्यात मुंगी शोधशील." म्हटलं, असतेच!

१२ मार्च, बुधवार

एक माणूस टेप घेऊन ड्रायरच्या खोलीचं दार मोजत होता. विचारलं, तर "असंच" म्हणाला. असंच कुणी दारं मोजत फिरतं का? काकांनी बातमी आणली — आमचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचं घाटतंय.

सरळ बाईंच्या केबिनमध्ये गेले. "कंत्राटाचं खरं का?" बाईंनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मला त्यावर बोलायची परवानगी नाही. तुम्ही फळ्यावर काहीतरी लिहा, एवढंच सांगते."

बोलायची परवानगी नाही! पण आमच्याकडून लिहून घ्यायची आहे! आता सगळं लख्ख दिसतंय. आमच्या हातानं आमच्या चुका लिहून घ्यायच्या, त्या वर दाखवायच्या आणि आम्हाला बाहेर काढायचं. गोड बोलून गळा कापायची नवी तऱ्हा. सगळ्यांना बजावलं — फळ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

१८ मार्च

धाकटी बाईंच्या केबिनमध्ये गेली होती. बाहेर आली तेव्हा डोळे ओले. काय झालं विचारलं, तर म्हणे, "काही नाही, ताई." काही नाही म्हणून कुणी रडतं? चहाड्या सांगत नसली म्हणजे मिळवली. एका घरात राहून असं करेल? काही सांगता येत नाही.

२० मार्च, गुरुवार

लिहिलं कुणीतरी!

सुट्टी झाल्यावर बॉयलर बघायला मागे थांबले होते. वळून बघते तर फळ्यावर निळी अक्षरं.

*या चादरीवर आपल्या घरचं माणूस झोपलं, तर आपली मान खाली जाऊ नये.*

वाचलं. परत वाचलं. चांगलं होतं. स्वतःशी खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी लागलं. पण लगेच डोक्यात आलं — म्हणजे आज मान खाली जाते, असंच ना? हे वर गेलं की संपलंच सगळं.

आजूबाजूला कुणी नव्हतं. कामाच्या कोटाच्या बाहीनं पुसून टाकलं. बाही निळी झाली. घरी येताना वाटलं, वाचवलं सगळ्यांना.

२१ मार्च, शुक्रवार



सकाळी बाई खाली आल्या, मागे वरचे तिघं. बाईंचा चेहरा कधी नव्हे तो फुललेला. जिन्यातूनच त्यांना सांगत होत्या, "काल संध्याकाळी निघताना मी स्वतः वाचलंय. कुणी शिकवलेलं नाही, त्यांचं त्यांनी ठरवलंय. अशी माणसं घालवू नका." आणि हात फळ्याकडे केला.

कोरा फळा!

बाई म्हणाल्या, "इथे एक वाक्य होतं." आणि ते म्हणून दाखवलं, शब्द न् शब्द. त्यांच्यातले चष्मेवाले म्हणाले, "बरं. कुणी लिहिलं होतं?"

ड्रायरची घरघर तेवढी. काका बुटांकडे बघत होते. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिची नजर माझ्या बाहीवर गेली. तोच कोट, धुतलाच नव्हता मी. तिनं ओठ मिटून घेतले. मला बोलता आलं असतं. मी पुसलं, एवढंच म्हणायचं होतं. मी बाही पाठीमागे घेतली.

चष्मेवाले घड्याळ बघून म्हणाले, "कंत्राटदारानं बारा पानांची योजना दिली आहे, बाई." गेले.

२२ मार्च, शनिवार

बाईंना गाठलं. म्हटलं, "एवढं होतं तर आधी सांगायचं ना! आम्ही काय मनकवडे आहोत?"

"तोंड बंद ठेवायची अट होती," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही घाबरून लिहिलं असतं. मला तुमच्या मनातलं हवं होतं." मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. आधी विश्वास मिळवायला हवा होता. मी आधी फळा आणला."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटी पाठमोरी भांडी विसळत होती. म्हणाली, "आईंसाठी लिहिलं होतं, ताई."

आई म्हणजे आमच्या सासूबाई. गेल्या वर्षी इथल्याच वॉर्डात गेल्या. शेवटी पाठ सोलली होती, आणि खाली आमचीच चादर, ठिगळाची, खरखरीत. मीच तपासून वर पाठवलेली. कूस वळवून दे म्हणायच्या सारख्या. धाकटी स्वतःचा दुपट्टा घालायची त्यांच्या पाठीखाली. केबिनमध्ये ती हेच सांगायला गेली होती. चहाड्या म्हणे!

मी ओक्साबोक्शी रडले. तिनं ओल्या हातानंच माझा हात धरला. रागावली असती तर सोपं गेलं असतं.

२४ मार्च, सोमवार

आज सगळ्यांसमोर उठले. पेन घेतलं, तेच वाक्य लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. काका म्हणाले, "अहो, कबुली होते ना ही?" म्हटलं, "हो. आहेच."

बाई फळा काढून वर घेऊन गेल्या. तासाभरानं आल्या. फळा काखेत. परत त्याच खिळ्यावर लावला.

१ एप्रिल

सही झाली. काम कंत्राटदाराला.

बाईंची बदली. जाताना सगळ्यांचे हात हातात घेतले, माझाही. फळा सोबत नेला.

५ मे, सोमवार

नव्या मालकानं निम्मी माणसं ठेवली. मला ठेवलं, बॉयलर कळतो म्हणून. काका नाहीत. धाकटी नाही.

आज त्याच खिळ्यावर त्यांचा फळा लागला. छापील. तासाला किती चादरी, किती गाऊन, कमी पडल्यास काय. सगळं स्पष्ट, संशयाला जागाच नाही.

सगळे गेल्यावर मी फळ्याच्या कडेनं, खालून, मागून हात फिरवून पाहिला.

पेन नाही. दोरीसुद्धा नाही.