हौद्यातून पुढे येणारी दोरी

बाबा, तुमची पिकअप पुन्हा रस्त्यावर आली आहे. तुम्ही गेल्यापासून शहाडच्या घरामागे चिंचेखाली विटांवर चढवून ठेवलेली, कोंबड्यांनी आपलं घर करून टाकलेली, तीच. इंजिन उघडून बसवलं, पत्रा ठोकून सरळ केला, रंगही तुमचाच ठेवला, भेंडीच्या देठासारखा हिरवा. सगळं सुरळीत चाललं होतं. घोडं अडलं ते मागच्या हौद्यावर काय घालायचं इथे. त्यावरून तुमची बायको आणि तुमची मुलगी एका घरात राहून कितीतरी दिवस एकमेकींशी धड बोलत नव्हत्या. ती ताट वाढायची, मी जेवायचे, मध्ये टीव्ही बोलायचा.

आईला पूर्वीसारखी ताडपत्रीच हवी होती, का ते मात्र सांगत नव्हती. माझंही ठरलं होतं. माजिवड्याच्या एका दुकानात फायबरचं सपाट झाकण पाहिलं होतं, हौद्याच्या कडांवर चपखल बसणारं, कुलूपवालं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, हेच घ्या. पाणी जाणार नाय, चोर जाणार नाय, लूक एकदम क्लीन." लूकशी मला काही घेणंदेणं नव्हतं. मला ते झाकण आवडलं, कारण त्याच्याखाली माणूस बसू शकत नाही. हे तुम्हाला कधीतरी तोंडावर सांगायचं होतं, ते राहून गेलं, म्हणून आता लिहितेय. अजून डोळ्यांसमोर आहे सगळं. उजाडायच्या आत कल्याणच्या मार्केटसाठी भेंडीची पोती हौद्यात चढतायत. पुढे तुमच्या शेजारी आजी, आजीच्या मांडीवर मी. आणि आई मागे, पोत्यांवर, कमानींवर ताणलेल्या ताडपत्रीखाली. ताडपत्रीच्या दोरीचं एक टोक तुमच्या खिडकीतून आत यायचं आणि तुमच्या कोपराजवळ बांधलेलं असायचं. पोतं घसरलं की आईने ती ओढायची आणि तुम्ही थांबायचं, अशी माझी समजूत. कधीकधी दोरी हलायची आणि तुम्ही थांबायचा नाहीत, नुसता ब्रेकवर पाय टेकवायचात. गाडी किंचित दचकायची आणि आजी करवादायची, "नीट हाक रे!" मी खिदळायचे. मोठी झाल्यावर हसू आलं नाही. बायकोला मालाबरोबर बसवणारा माणूस, असंच मी तुमच्याकडे बघत आले. आजी गेली, सीट रिकामी झाली, तरी आई मागेच. तुम्ही तिला एकदाही "पुढे ये" म्हणालेलं मी ऐकलं नाही.

तर झाकण आलं. विठ्ठलवाडीच्या गॅरेजमध्ये फिटरने हौद्याच्या दोन्ही बाजूंना खडूने खुणा केल्या. जुन्या कमानींच्या खोबणी कापून काढायच्या आणि तिथे भोकं पाडून झाकणाच्या पट्ट्या बसवायच्या. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि आई उतरली. तिला पत्ता कोणी दिला कोण जाणे. तिने सरळ येऊन खडूच्या खुणेवर हात ठेवला. फिटर ड्रिल घेऊन तसाच उभा.

"मी कुटं बसू?" तिने विचारलं.

"पुढे. माझ्या शेजारी. जन्मभर मागे बसलीस, आता बास झालं."

"मना कोनी बसवली नव्हती मागं."

"मग काय हौसेने बसत होतीस?"

"मॅडम, मारू का होल?" फिटर म्हणाला. "नंतर ‘नको’ बोलू नका. पत्रा जुना आहे, कापला की परत तसा नाय होणार."

मी त्याला थांब म्हटलं नाही. खरं तर "मारा" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. आईने हात काढला नाही. "घरात तुजी आजी, चुलीशी तुजी आजी, मार्केटात तुजी आजी," ती म्हणाली. "तुज्या बाबाशी बोलायचं कुटं मी? त्या दोरीवर बोलायचो आमी."

"काय बोलायचात?"

"तुना कशाला?" असं म्हणाली आणि त्या फिटरसमोर चक्क लाजली.

"आणि आजी गेल्यावर?"

"बसले ना एकदा पुढं. दोगांनाबी काय बोलावं सुचंना गो. कल्यानपर्यंत गप. येताना मी आपली मागं गेले."

मला हसू आलं. माझा राग पुरता गेला, असं समजू नका. आपल्याच नवऱ्याशी बोलायला दोरी लागावी, हे तुम्ही कसं चालू दिलंत, ते मला अजून कळलेलं नाही. पण भोक पाडू दिलं नाही. झाकण परत पाठवलं, दुकानदाराची बोलणी खाल्ली आणि खोबणींत नव्या कमानी उभ्या करून जाड कॅनव्हास शिवून घेतला. दोरी आईने स्वतः ओवली.

काल तिला घेऊन निघाले, घरापासून नदीपर्यंतच. ती मागे गोधडी टाकून बसली होती. या वयात पडली तर सगळे मलाच बोल लावणार, आणि मीही स्वतःला सोडणार नव्हते. वळणावर दोरी ताणली गेली. मी गाडी थांबवली आणि धावत मागे गेले. ती गोधडीवर आरामात. "थांबलीस कशाला? चल."

पुढे गेल्यावर दोरी पुन्हा हलली, दोनदा, हलकेच. या वेळी मी थांबले नाही. नुसता ब्रेकवर पाय टेकवला, तुम्ही टेकवायचात तसा. गाडी किंचित दचकली आणि मागून आईचं हसू ऐकू आलं. इतकी वर्षं तिच्या पोटची मुलगी आहे मी, पण असं हसू मी तिचं कधी ऐकलं नव्हतं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची सोय नाही आणि तिला तर मी वाचायला देणारच नाही. कारण दोरी हलवून तिने विचारलं होतं ते तुम्हाला, आणि ब्रेकवर पाय टेकवून उत्तर मी देऊन बसले. काय उत्तर दिलं, ते तिला माहीत आहे. मला नाही.