यंदाची संक्रांत एकुलत्यावर

नामपूर,
६ जानेवारी २००२

चि. सौ. मनीषा हिस,
चंद्रभागेचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

थंडी अशी पडली आहे की आमचे हे अंघोळीसाठी बंब पेटवतात आणि बंबाशी शेकून तसेच परत येतात. आमचा लेक सोमनाथ तुमच्याकडे राहून नोकरी करतो की नुसता जेवतो, ते खरं कळव.

इथली मोठी बातमी म्हणजे यंदा संक्रांत एकुलत्या एका मुलग्यावर आली आहे. जिला एकच मुलगा, तिने दोन मुलगेवालीच्या हातून हिरव्या बांगड्या भरून घ्यायच्या, नाहीतर पोराचं काही खरं नाही. अफवेला बाप नसतो म्हणतात. या अफवेला कासार आहे. त्याच्या दुकानात हिरवी काच औषधाला उरली नाही. दोन मुलगेवाल्या तर अशा चालतात, जणू दुसरा त्यांनी दूरदृष्टीने काढून ठेवला होता. कालपर्यंत जिला कुणी हळदीकुंकवालाही बोलवत नव्हतं, त्या गोजराबाईच्या ओट्यावर बायकांची रांग लागते.

मी हसते, तूही हस. तिळगूळ रथसप्तमीच्या आत पोचेल, पोस्टमनला आत्तापासून छळू नकोस.

माया आहेच, थंडीने तिला आखडू देऊ नये.
तुझी,
चंद्रभागा

नाशिक, गंगापूर रोड,
१० जानेवारी २००२

ती. सौ. वन्संस,
मनीषाचा सा. न. वि. वि.

सोमनाथभाऊ दोन्ही करतात. जेवण जरा जास्त मन लावून.

तुमची संक्रांत इथेही पोचली. मला दोन मुलगे आहेत हे आख्ख्या कॉलनीला एकदम आठवलं. कॉम्प्युटर क्लासवाल्या बाई रिक्षा करून आल्या. आपला अजिबात विश्वास नाही, फक्त सासूबाईंचं मन राखायचं आहे, म्हणाल्या. बांगड्या मात्र त्यांनी दोनदा मोजून भरून घेतल्या.

वन्सं, एक विचारू? तुम्ही बांगड्या भरून घ्यायच्या की भरायच्या? ह्यांनी मला दटावलं, ताईला हा प्रश्न विचारायचा नसतो म्हणून. माझ्या पहिल्या संक्रांतीला तुमच्या पार्सलात एक लाडू जास्त निघाला. मी सहज म्हणाले, वन्सं मोजायला चुकल्या वाटतं. ह्यांनी तो लाडू उचलून देवापुढे ठेवला. तो समाधानचा लाडू. तुमचा थोरला, सोमनाथभाऊंच्या आधीचा, अडीच वर्षांचा होऊन तापात गेलेला, हे मागून कळलं. तेव्हापासून मी लाडू मोजत नाही.

म्हणाल तर बांगड्या घेऊन एसटीत बसते. रागवायचं असेल तर रागवा, पण गप्प बसू नका.

पायांशी जागा ठेवावी.
आपली,
मनीषा

नामपूर,
१८ जानेवारी २००२

चि. सौ. मनीषा हिस, आशीर्वाद.

आज हसायचं काही नाही. फोनवर बोलले असते, पण एसटीडीच्या टपरीत बोललेलं गावाला आधी कळतं आणि नाशिकला नंतर.

आमच्या मागच्या खोलीत दिवाळीपासून निकिता नावाची भाडेकरीण आहे. सुरगाण्याकडची, नवरा एसटीत कंडक्टर, मुलगा साई, असेल अडीच वर्षांचा. तुझं पत्र भोगीला आलं आणि त्याच संध्याकाळी ती ओंजळीत हिरव्या बांगड्या घेऊन दारात उभी. आक्का, तुम्हाला मुलगे किती, असं तिने विचारलं. मी दोन म्हणाले.

मनीषा, मी नेहमीच दोन म्हणते. शिरगणतीवाल्याला, शाळेच्या मास्तरांना, सोमनाथसाठी स्थळ आणणाऱ्यांना. थोरला बाहेर असतो म्हणते. जिभेला तीच चाकोरी पडली आहे. पण निकिताने लगेच दोन्ही हात पुढे केले. मागे फाटकात गोजराबाई, कान टवकारून. तिच्यादेखत मी माझ्या समाधानला वजा करू? मी बांगड्या भरल्या. एक भरता भरता वाढली.

करीच्या दिवसापासून साईला ताप आहे. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येतो, आणि मधेच येईनासा होतो, तेव्हा मी उठून भिंतीला कान लावते. समाधानचंही असंच सुरू झालं होतं, याच दिवसांत, याच वयात. श्वास असा, जणू कुणी चूल फुंकतंय.

मी असलं मानत नाही. मानत नाही, मानत नाही, असं भिंतीला सांगत बसते. निकिताला सांगायला उंबऱ्यापर्यंत जाते आणि परत फिरते. ती म्हणेल, आक्का, तुम्ही माझं पोर खाल्लंत. मी काय तोंड दाखवू?

हे तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवू नकोस.
चंद्रभागा

नाशिक,
२१ जानेवारी २००२

ती. वन्संस, सा. न.

पोस्टावर विश्वास नाही म्हणून पत्र सोमनाथभाऊंच्याच हाती पाठवते आहे. गाडीवर निघाले होते, मी बसने पाठवलं. इथे नायलॉनचा मांजा अजून तारांवर लोंबतो आहे, आणि तुमचं पत्र वाचल्यापासून मीही काही फार शहाणी राहिलेली नाही. माझ्या दोघांना गच्चीवर जाऊ देत नाही.

बांगड्यांचं मागून बघू. पोराला आधी मालेगावला मुलांच्या डॉक्टरकडे न्या. निकिताचा नवरा ड्युटीवर असेल तर तुम्ही न्या. सोमनाथभाऊ सोबत आहेत. आज वाट बघू, उद्या उतरेल, असं म्हणू नका.

आणि वन्सं, तिला सांगा. तुम्ही खोटं बोललात असं मला वाटत नाही. पण न सांगता पोर बरं झालं, तरी तुम्ही बऱ्या होणार नाही.

रागवा, पण जा.
मनीषा

नामपूर,
३ फेब्रुवारी २००२

चि. सौ. मनीषा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

साई घरी आला. आत्ता माझ्या चष्म्याची काडी चावतो आहे.

मालेगावला नेलं तेव्हा छाती भरली होती. डॉक्टर धड हो म्हणेनात, धड नाही म्हणेनात. नाकाला नळी लावली होती. मी आणि निकिता बाहेर बाकावर, आणि तिच्या हातात माझ्या बांगड्या. जरा हलली की किणकिणायच्या, आणि मी दाराकडे बघायचे. शेवटी सांगून टाकलं. मला एकच आहे, थोरला गेला, मी तुला फसवलं.

ती ओरडली नाही. तिने बांगड्या मनगटावर मागे सारल्या. मग म्हणाली, आक्का, साईच्या आधी मलाही एक झाला होता. बारसं झालं आणि गेला. नव्या गावात कुणाकुणाला सांगत बसायचं, म्हणून मी एकच सांगते.

आता तूच बघ. माझ्या हिशेबाने ती दोघांची आई, तिला बांगड्यांची गरजच नव्हती. तिच्या हिशेबाने मी एकाची, मला भरायचा अधिकार नव्हता. संक्रांतीने धरायचं तरी कुणाचं गणित? आम्ही इतक्या हसलो की नर्स रागवायला आली, आणि आमच्याकडे बघून न रागवताच परत गेली. पहाटे साईने बिस्कीट मागितलं.

गोजराबाई गावभर सांगते आहे की पोर बांगड्यांनी वाचलं. सांगू दे. भीती गेली म्हणशील तर नाही गेली. अजून भिंतीला कान लावते. फक्त आता पलीकडून निकिता टिचकी मारते, झोपा आक्का म्हणून.

सोबत तिळगुळाचं पार्सल. यंदा लाडू दोन जास्त आहेत. मोजायला चुकले असं कुणी म्हणू नये.

गोड बोलायचं जमेल तेवढं बोलू, पण बोलत राहू.
तुझी,
चंद्रभागा