आईची वाट

सोमवार, ८ सप्टेंबर

नोकरी लागली! आणि तीही लेकीला सहावीत घातलंय त्याच शाळेत. सकाळी दोघींनी एकत्र यायचं, शाळा सुटली की पुढच्या फाटकावर भेटायचं आणि गप्पा मारत घरी. आणखी काय हवं? वह्या माझ्याकडे टिकत नाहीत, म्हणून रोजनिशी फोनमध्येच लिहिणार आहे.

काम सोपं आहे. भूगोलाच्या तासाला मुलं संगणकावर नकाशे काढतात. प्रत्येकाचं ऑनलाइन खातं असतं. ती खाती उघडायची, पासवर्ड विसरलेल्यांना नवे द्यायचे, शाळा सोडून गेलेल्यांची खाती पुसायची. विसरण्यात सहावीचा हात कुणी धरणार नाही. एका पठ्ठ्याने 'पासवर्ड' हाच पासवर्ड ठेवला आणि तोही विसरला! खोली मागच्या अंगाला आहे, खिडकीतून विटांची भिंत दिसते. भूगोलाचे सर फार गोड बोलतात. कुणी फार गोड बोललं की मी आधी पर्स चाचपते. स्वभावच संशयी, काय करणार?

गुरुवार, ११ सप्टेंबर

लेकीसाठी खातं शिल्लक नव्हतं. शाळेला मंजूर झालेली सगळी भरलेली. शोधल्यावर एका जुन्या मुलीचं पडून असलेलं सापडलं. ते पुसून नवं उघडायचं असा नियम आहे, पण पुसायला गेलं की सॉफ्टवेअर अडून बसतं, की आतला नकाशा आधी दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर करा. एवढा व्याप कोण करणार? मी वरचं नाव खोडून लेकीचं घातलं, पासवर्ड बदलला आणि मोकळी झाले. नकाशा राहिला आतच. त्याच्यावर शाळेच्या मागे एक ठिपका आहे, बस. नाव 'आईची वाट' एवढंच दिसतं, पुढे रकाना संपतो. आई कोणत्या रस्त्याने न्यायला येते ते काढायचं असेल पोरीला. मला कौतुकच वाटलं.

सोमवार, १५ सप्टेंबर

ठिपक्यातून आता एक रेघ निघाली आहे. सहावीच्या वर्गाकडे येतेय. लेकीला विचारलं तर म्हणाली, मी त्याला हातही लावला नाही. ती खोटं बोलली की तिचे कान लाल होतात. आज झाले नाहीत.

मग कोण? मुलांचे नकाशे माझ्याशिवाय फक्त भूगोलाच्या सरांना बदलता येतात. मनात पाल चुकचुकली. दुपारी त्यांना आडून आडून विचारलं. कुठलं खातं ते कळल्यावर त्यांचा चेहराच उतरला. तास आहे म्हणून सटकले. तास नव्हता, वेळापत्रक मीच लावलंय भिंतीवर.

बुधवार, १७ सप्टेंबर

रेघ वर्गापर्यंत पोचली. लेकीच्या बाकापाशी थांबली आहे.

सरांचा अधिकार काढून घेतला. आता त्यांना नुसतं बघता येईल. मोठ्या बाईंना सांगितलं, तर त्या हसल्या, म्हणाल्या यंत्रं चुकतात कधीकधी. चुकत असतील. पण बरोबर माझ्याच मुलीच्या बाकापाशी?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

सर आजारी, दोन दिवस घरीच आहेत. रेघ तरीही वाढली. आता बाकापासून परत मागे वळली आहे, भिंतीकडे.

शाळा सुटल्यावर लेक पुढच्या फाटकावर नव्हती. शोधत मागे गेले तर भिंतीला कान लावून उभी. म्हणाली, पलीकडे एक मुलगी आहे, आई येईपर्यंत सोबत थांब म्हणते. मी स्टुलावर चढून पाहिलं. पलीकडे नुसतं गवत. लेकीला ओढतच घरी आणलं.

सोमवार, २२ सप्टेंबर

सरांना जिन्यात गाठलं. या वेळी सोडलं नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं.

भिंतीच्या जागी पूर्वी मागचं फाटक होतं. त्या जुन्या खात्याची मुलगी एकदा तिथे उभी राहिली आणि तिची आई पुढच्या फाटकावर. दोघी थांबल्या, थांबल्या. आई मागे धावत गेली तेव्हा पोर नव्हती. पुन्हा कधीच सापडली नाही. फाटक बुजवलं. खात्याला कुणी हात लावला नाही.

मी लावला. त्यावर माझ्या लेकीचं नाव घातलं. माझ्या हातांनी.

मंगळवार, २३ सप्टेंबर

लेकीला घरी ठेवायला हवं होतं. ऐकलं नाही. भिंतीपलीकडची ती एकटी आहे म्हणाली, आणि रडली.

नकाशा पुसला जात नाही. तोच प्रश्न – कुणाच्या नावावर करू? दुसऱ्याच्या पोरीच्या गळ्यात कसा घालू?

माझ्याच नावावर करते.

केला. लेकीचं खातं रिकामं झालं. सुटली माझी बाय.

माझ्या पानावर रकाना रुंद आहे. नाव पूर्ण दिसतंय – 'आईची वाट बघतेय'.

रस्ता नव्हताच तो. आई हवी होती तिला. आणि मी –

रेघ आता माझ्या खुर्चीपासून –

मंगळवारच. शाळा सुटली

भिंतीत फाटक आहे. उघडं. मी इथवर कधी चालत आले?

लेकीने रखवालदाराच्या फोनवरून विचारलं, आई, कुठे आहेस. मी म्हटलं, पुढच्या फाटकावरच थांब, हलू नकोस, आलेच –

एका हाताने लिहितेय. दुसरा तिने धरलाय. तिचा हात गार, इवलासा. सोडत नाही. आई म्हणते मला.

नको गं. माझी पोर तिकडे –

फोनवर सूचना आली. लेकीच्या खात्यात नवा नकाशा. पुढच्या फाटकावर एक ठिपका. नाव, 'आईची वाट