घोंगडीआडचा जावई

प्रिय डेल्फिन,

'प्रिय' हा शब्द पत्राच्या डोक्यावर लिहायला मिशनच्या निवासी शाळेतल्या सिस्टरांनी शिकवला, म्हणून लिहिते. माणसावर कितीही राग असला तरी पत्राची सुरुवात सभ्यपणे करावी, असं त्या म्हणायच्या. खरं तर फोनच करणार होते, पण माझं दुसरं वाक्य सुरू व्हायच्या आत तू "बरं ताई, गॅसवर काहीतरी ठेवलंय" म्हणून फोन ठेवून देतेस. पत्राचं तसं होत नाही. पत्र शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागतं.

आधी त्या वर्तमानपत्राचं बोलू. पोस्टातल्या बाईनं तुझा फोटो कापून माझ्यासाठी जपून ठेवला होता. "तुमची बहीण ना? किती थोर दिसते," म्हणाली. मी म्हटलं, हो, लहानपणी तिचं नाक मीच पुसायचे. फोटोत मान वर, नजर कॅमेऱ्याच्या डोक्यावरून लांब कुठेतरी, जणू डोंगर तुझ्याशी खासगीत बोलताहेत. खाली लिहिलंय, 'आपल्या लोकांची आठवण'. डेल्फिन, मी अख्खं आयुष्य तिसरीचा वर्ग सांभाळला. बायलस गावातल्या अर्ध्या लोकांना सही करायला मी शिकवलं. माझा फोटो एकदाच छापून आला, शाळेच्या छपराला आग लागली तेव्हा, आणि त्यातही छप्परच जास्त दिसत होतं. तेव्हा माझ्या पोटात दुखतंय असं तुला वाटत असेल तर ते बरोबर आहे. दुखतंय. पण ते वर्तमानपत्रासाठी नाही. आईचं जे तुझ्यापाशी आहे आणि माझ्यापाशी नाही, त्यासाठी दुखतंय, आणि आज मी त्यातला माझा वाटा मागणार आहे.

शनिवारचं घे. पूर्वेकडच्या कुठल्याशा संग्रहालयाचा माणूस आपल्या अपाची लोकांचे जुने फोटो घेऊन पेरिडॉट गावच्या सभागृहात येणार आहे, त्यातली माणसं ओळखायला जुन्या माणसांना बोलावलंय, हे मला कोणी सांगितलं नाही. किराणा दुकानाच्या दारावर कागद डकवला होता, तो वाचून कळलं. तुला आणायला गाडी, मी माझी गाडी स्वतः हाकत आले. दारात उभी राहिले तर तू समोरच बसलेली, तोंड थेट माझ्याकडे. मी हात केला. तू सरळ माझ्याकडे बघितलंस आणि ओळख दिली नाहीस. सगळ्या सभागृहासमोर. मी जवळ येऊन म्हटलं, "झालीस का मोठी?" तेव्हा कुठे तुझं तोंड उघडलं. "ताई? तू कधी आलीस?" जणू मी छपरातून पडले.

आणि मग तो थाट. तुझी शेजारीण मर्लीन, जिचा आवाज ऐकून डोंगरावरची गुरं घरी परततात, ती फोटो हातात धरून वर्णन करायची आणि तू डोळे मिटून ऐकायचीस. "बाई आहे एक." "बसलीय की उभी?" "बसलीय. तोंड आंबट." "पाण्याचा बुधला कुठल्या बाजूला ठेवलाय?" "डाव्या." तू म्हणायचीस, ही डावखुरी, नदीच्या वळणावर ज्यांचा मका असायचा त्यांची थोरली आत्या. गेलेल्यांचं नाव तू घेत नव्हतीस, घ्यायचं नाहीच. नात्यानं आणि जागेनं सांगत होतीस, आणि म्हातारे माना डोलवत होते. त्या काळी सैनिकांनी आपल्या पुरुषांच्या गळ्यात आकडा कोरलेले पितळी बिल्ले अडकवले, म्हणून सरकारी कागदांत पुरुषांचे निदान आकडे तरी आहेत. बायकांना आकडाही नाही. फोटोमागे नुसतं 'अपाची स्त्री'. त्या बायकांना तू एकेक करून घरी आणत होतीस, हे मी नाकारत नाही. तो संग्रहालयवाला, ॲल्ड्रिज, सारखा चष्मा पुसत होता. माझ्या मागची बाई कुजबुजली, "न बघता ओळखते गं." मी मनात म्हटलं, नाटक. आईला अशी नाटकं खपली नसती.

पण ते सगळं तुला आईनंच सांगितलेलं, हाच तर माझा सल. तुझी छाती नाजूक, म्हणून तू घरी राहिलीस आणि मी सिस्टरांकडे गेले. मी लॅटिन प्रार्थना पाठ करत होते, चादरीच्या कोपऱ्यांच्या घड्या घालायला शिकत होते, तेव्हा तू शेकोटीजवळ आईच्या मांडीला टेकून ऐकत होतीस, कोण कोणाची, कोणाचं बोट कशानं तुटलं, कोण कोणत्या खांद्यावर ओझं घ्यायची. मी उन्हाळ्यात घरी यायचे. आल्या आल्या म्हणायचे, आई, सांग ना. आई म्हणायची, "आत्ता नाही. साप जागे आहेत." गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, आणि माझा प्रत्येक हिवाळा त्या लांबलचक निजायच्या खोलीत गेला. सुट्टी संपून मी ट्रकमध्ये बसले की तू हात हलवायचीस. तेव्हा मला तुझी दया यायची, बिचारी आजारी म्हणून. किती मूर्ख होते मी.

मग वाटलं, लग्न झालं की आपलं घर होईल, आई हिवाळ्यात येऊन राहील. पण घरात जावई. त्यानं सासूचं तोंड बघायचं नाही, सासूनं त्याचं बघायचं नाही, मान आहे तो. दुसऱ्या घरांत लोक सैल झाले होते, पण आई सैल होणाऱ्यांतली नव्हती आणि माझा नवराही नव्हता. माझ्या लग्नाच्या फोटोत आईच्या जागी तू उभी आहेस. आई चर्चच्या भिंतीपलीकडे ट्रकमध्ये बसून होती. पुढे तू तिला माझ्याकडे आणायचीस तेव्हा वळणावर दोनदा भोंगा वाजवायचीस, की माझा नवरा मागच्या दारानं बाहेर. एकदा तर अर्धी दाढी झालेली, साबणासकट खिडकीतून उडी मारून गेला आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत दुपारपर्यंत बसून राहिला. आई खुर्चीत बसून म्हणाली, "साबणाचा वास येतोय. चांगला माणूस आहे." पण ती कधी मुक्कामाला राहिली नाही. कॉफी प्यायची, मुलांना बघायची, आणि तू तिला परत न्यायचीस. तुझ्याकडे नवरा नव्हता, म्हणून तुझ्याकडे आई होती. सगळे हिवाळे. मी कधी तक्रार केली नाही, कारण तक्रार कोणाविरुद्ध करायची? त्याच्याविरुद्ध, की तिच्याविरुद्ध? मग उरलीस तू.

आता त्या फोटोकडे येते. सरकार आपल्या लोकांना धान्य वाटायचं, त्या रेशनच्या दिवशी काढलेला. मर्लीननं सांगितलं, मधोमध म्हातारी, डावा हात शालीखाली. तू लगेच म्हणालीस, कुऱ्हाडीनं बोट गेलं होतं ती, आमच्या आईची पणजी. सभागृहात हूं झालं. मग मर्लीन म्हणाली, तिच्या शेजारी एक पोरसवदा बाई, पाठीवर बाळाला बांधायची पाळण्याची फळी, पण हलली होती म्हणून तोंड पुसट. तू विचारलंस, "हात? चाल? काही?" काहीच नाही. तू म्हणालीस, "मग ते तसंच राहू दे. अंदाजानं कोणाला आपलं म्हणायचं नाही." तुझं सांगणं शहाणपणाचं आहे, असं सगळ्यांना वाटलं. मला वाटलं, चला, आईचं सांगणं इथं संपलं. आता बघते मी. उठले आणि मर्लीनच्या हातातून फोटो घेतला.

आणि मला तो दिसला. कडेला, खांबाला लागून, डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी ओढून उभा असलेला माणूस. खाली फक्त पाय. मर्लीननं त्याला कापडाचं गाठोडं समजून सोडून दिलं होतं. ॲल्ड्रिज मोठ्या अदबीनं म्हणाला, "आमच्या नोंदीप्रमाणे हा संतप्त बंदिवान आहे. छायाचित्राला त्याचा विरोध होता." डेल्फिन, मी हसले. सिस्टरांनी ज्या हसण्यासाठी मला कोपऱ्यात उभं केलं असतं, तसं हसले. मी म्हटलं, "विरोध कसला, त्याची सासू आलीय फोटोत." म्हातारा वेन्डेल काठी आपटून म्हणाला, "पळणार कुठं बिचारा? तिकडं नदी, इकडं सासू." अख्खं सभागृह हसलं. वेन्डेलची बायको म्हणाली, "तुला नव्हती लाज, माझ्या आईच्या ताटात जेवलास." ॲल्ड्रिज लिहायचं थांबला. मी त्याला समजावलं, तिसरीच्या वर्गाला समजावते तसं. जावई बायकोच्या आईच्या वस्तीवर राहतो. हा माणूस त्या म्हातारीपासून तोंड लपवतोय, म्हणजे त्याची बायको तिची मुलगी. फोटोत तरुण बाई एकच आहे, आणि म्हातारीला मुलगी एकच, एवढं मलाही ठाऊक होतं. म्हणजे ती आमच्या आईची आजी, आणि पाळण्यातलं जे मूठभर दिसतंय, ती आमची आजी. एका माणसानं तोंड झाकलं, म्हणून तीन पिढ्यांचं तोंड उघडं पडलं. असा घोंगडीआडचा माणूस माझ्या घरात इतकी वर्षं होता, तुझ्या घरात नव्हता. हे आईनं तुला सांगितलं नव्हतं. हे माझं होतं, एवढं एकच माझं, आणि मी ते सगळ्यांसमोर मिरवलं.

तुझ्या तोंडाकडे बघत होते मी, कबूल आहे. तू चिडशील, निदान ओठ तरी चावशील, याची वाट बघत होते. तू मान वळवलीस, पण माझ्याकडे नाही, माझ्या जरा डावीकडे. हळूच म्हणालीस, "माणूस? कुठे आहे माणूस?" आणि मग मोठ्यानं, "ताई म्हणते ते बरोबर. तसंच लिहा."

जेवणाला मी तुझ्याशेजारी बसले, आणखी थोडं मिरवावं म्हणून. ओकच्या बियांचं कालवण होतं, तुला आवडतं ते. तू चमचा ताटाच्या बाहेर, टेबलावर बुडवलास. कॉफीचा कप तुझ्यासमोर होता आणि तुझा हात त्याच्या पलीकडे चाचपडत होता. मर्लीननं कप हळूच तुझ्या बोटांखाली सरकवला, कोणाला दिसणार नाही असा, आणि बोलता बोलता सरकवला, म्हणजे हे पहिल्यांदा नव्हतं. मग मी तुझी चोळी बघितली. उलटी. सगळ्या शिवणी बाहेर. एक टाका वाकडा गेला तर अख्खी बाही उसवणारी तू. घरी येताना वाटेत दोनदा गाडी बाजूला घेतली. दारातली ती नजर आठवली, वर्तमानपत्रातला तो डोंगर आठवला, आणि इतके दिवस गॅसवर ठेवलेलं ते काहीतरी आठवलं. तुझी साखर डोळ्यांत उतरली हे तू मला सांगितलं नाहीस. मर्लीनला सांगितलंस. बघ, ज्यांचा हेवा करायचा त्यांच्या माझ्या यादीत पुन्हा एक नाव वाढलं.

मर्लीन, हे पत्र तू मोठ्यानं वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. कडू वाक्यं गाळली असशील तर परत वर जा आणि ती वाचून दाखव. आणि डेल्फिन, आता ऐक. माझी मागची खोली रिकामी आहे. तिथून बाथरूमपर्यंत भिंतीला हात लावून जाता येतं, मी डोळे मिटून जाऊन बघितलंय, गुडघा एकदाच आपटला. ॲल्ड्रिज थंडीत फोटोंचा दुसरा पेटारा घेऊन येतोय. मी बघीन, तू सांग. मर्लीनसारखी गाठोडं म्हणून माणसं सोडणार नाही. आणि फोटो नसतील त्या संध्याकाळी मला ते सगळं पहिल्यापासून सांग, जे आईनं तुला शेकोटीजवळ सांगितलं. त्यातलं अर्धं माझं आहे आणि मी ते सोडणार नाही. ये, पहिली थंडी पडली आणि साप झोपले की ये. मर्लीन, वळणावर भोंगा वाजवू नकोस. सरळ दारापर्यंत आण तिला. आई गेली, माझा नवराही गेला; आता या घरात कोणाला लपायचं नाही.

अजूनही तुझ्यावर जळणारी, तुझीच थोरली,
यूलालिया