निळी पेटी एकदाच उघडली

गुरुजी, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी आज तुमच्यावर चिडलोय. इथं कतारला येऊन मला दीड महिना झालाय. सकाळी अल हिलाल भागातल्या एका व्हिलात पाइपचं काम चालू होतं. फोरमन म्हणाला, अर्ध्या इंचाचा पाना बारीक पडतोय, मोठा दे. मी पिशवीत हात घालून तीन अष्टमांश इंचाचा दिला. एक आणि दोनापेक्षा तीन आणि आठ, दोन्ही आकडे मोठे म्हणून. तो आणखीच बारीक निघाला. "अरे भाई, स्कूल नहीं गया क्या?" सगळे हसले. मीपण हसलो.

गेलो होतो की. सातवीपर्यंत. चौथीला तर तुम्हीच होता. तालुक्याला दहा दिवसांचं गणिताचं प्रशिक्षण करून तुम्ही एसटीनं गणिताच्या साहित्याची निळी पेटी आणलीत, ती कपाटात गेली, आणि फळ्यावर आपलं तेच, मांडा आणि पाठ करा. मी 'का?' विचारलं तर म्हणालात, "का-बिका मोठा झाल्यावर. लिही मुकाट्यानं."

मग एक दिवस साहेब तपासणीला येतात. पेटी उघडते. तुम्ही चटईवर आमच्यात बसता, रंगीत चकत्यांचे तुकडे हातात देता आणि विचारता, "भाकरीचे चार वाटे केले तर एका वाट्यानं जास्त पोट भरेल, का आठ केले तर?" मी आठातला तुकडा चारातल्या तुकड्यावर ठेवतो, आणि गुरुजी, मला कळतं. गणित कळतं! तुम्ही पाठीवर थाप मारता.

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "गुरुजी, ती पेटी काढा ना." तुम्ही म्हणालात, "ती साहेबांसाठी होती. पाढे म्हण." एका दिवसाचं कळलेलं किती टिकणार? तुम्हाला येतच नसतं तर मला राग नव्हता. पण येत होतं, झकास येत होतं, आणि तुम्ही ते कुलपात ठेवलंत.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगतो. त्या दिवशी चकत्या गोळा करताना चारातला एक, पाव भागाचा लाल तुकडा मी चड्डीच्या खिशात घातला. भाकरीवर ठेवून आईला दाखवायचा होता. परत द्यायची छाती झाली नाही. संध्याकाळी तुम्ही तुकडे मोजले असतील, एक कमी भरला असेल, वरचे जाब विचारतील म्हणून कुलूप घातलं असेल, हे मी इतकी वर्षं मनात येऊ दिलं नाही. तुकडा अजून माझ्याकडे आहे, हत्यारांच्या पिशवीत. सकाळी पाना शोधताना हाताला लागला होता. मी बाजूला सारला.