दिवसाला चार मिनिटं

६ जानेवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. माझ्या आळसाबद्दल तुम्ही चार शब्द सुनावाल, म्हणून आधीच कान पकडते.

दरवर्षीप्रमाणे दोन फेब्रुवारीला आमची प्रयोगशाळा सगळ्यांना बघायला खुली आहे. त्या दिवशी आम्ही आपापल्या यंत्रापुढे उभं राहून येईल त्याला समजावून सांगायचं असतं. गेल्या वर्षी एका बाईंनी माझं पंधरा मिनिटांचं बोलणं मन लावून ऐकलं आणि मग स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारलं. यंदा तुम्ही या, म्हणजे निदान एक तरी माणूस शेवटपर्यंत थांबेल.

माझं यंत्र तळघरात आहे. बारीक तारेला एक आडवी दांडी टांगली आहे. जवळपास काही किंचित हललं तरी ती वळते आणि कागदाच्या पट्टीवर रेघ उमटते. गेले अकरा महिने ती रोज दोनदा हळूहळू वळत जाते आणि मग एकदम जागेवर येते. गंमत अशी की हे रोज चार मिनिटं लवकर होतं. पंप, लिफ्ट, माणसं, सगळे चोवीस तासांच्या हिशोबाने चालतात. रोज चार मिनिटं लवकर उगवतात ते फक्त तारे. म्हणून हे वरून येतंय असं आमचं म्हणणं आहे. वीस फेब्रुवारीला तसा लेख जाणार. तो स्वीकारला गेला तर माझी नोकरी कायम होईल, नाहीतर जूनमध्ये नारळ. सहा वर्षं मी तात्पुरती आहे, मामा. एवढ्या काळात लोकांचे संसार जुने होतात.

तुमचं घड्याळ माझ्या बसायच्या खोलीत, तळघराच्या भिंतीला लागूनच, झकास चाललं आहे. दर सोमवारी किल्ली देते. सेकंदाचाही फरक नाही.

तुमच्या लोभाची सवय झालेली,
भिंगरी

१२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात हे वाचून वाईट वाटलं. एवढी जुनी यंत्रणा आणि कुणी उघडून बघितलेली नाही.

मी येणार. कोट इस्त्रीला टाकला आहे. मला समजेल का अशी शंका काढू नकोस. पंचेचाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण ती चालतात कशी हे एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही. वेळ दाखवली की झालं. तुमच्याकडे उलटं दिसतंय, दाखवायला काही नाही आणि समजावून सांगायला ढीगभर.

घड्याळात सेकंदाचा फरक नाही हे वाचून मूठभर मांस चढलं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर हातावेगळं केलेलं ते पहिलं काम. बाजारातले लोक म्हणायला लागले होते की म्हाताऱ्याने आता दुकान बंद करावं. तुझं पत्र मी काउंटरच्या काचेखाली ठेवलं आहे, वाचू दे त्यांना. काट्यांना हात लावायचा नाही हा नियम पाळतेस ना? आणि टोल तर मी काढूनच टाकले आहेत, त्यामुळे तुझ्या अभ्यासाला आवाजाचा त्रास नाही.

ताईला सांग, दादल्याच्या मागे डबा घेऊन धावणं पुरे, तीही ये म्हणावं.

तुझा,
मामा

१८ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मामा दोन तारखेला येताहेत आणि आता मी पकडली जाणार. ते घड्याळ पुढे जातं गं. गेल्या दोन फेब्रुवारीला तू ते आणून टांगलंस, तेव्हापासून पुढेच चाललंय. उन्हाळ्यात ते सकाळी संध्याकाळची वेळ दाखवत होतं. किती पुढे जातं ते मी मोजलेलं नाही. मामांचं काम मोजायला बसायचं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. काटे फिरवायचे नाहीत, म्हणून फिरवत नाही. वेळ बघायची तर मनगटावर बघते.

त्यांना हे कळलं तर ते दुकानाला कुलूप लावतील. म्हणून दरवेळी सेकंदाचाही फरक नाही असं लिहिते. तू त्यांच्याजवळ काही बोलू नकोस, माझी शपथ. त्या दिवशी खोली बंद ठेवायचा प्रयत्न करीन.

पायधूळ झाडायला तूही ये.

तुझी,
भिंगरी

५ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

कंबर धरली म्हणून तू आली नाहीस आणि मोठ्या सोहळ्याला मुकलीस. दारावर पहारेकऱ्याने माझ्या छातीवर ‘पाहुणा’ अशी चिठ्ठी चिकटवली. दाढीवाल्या एका गृहस्थाने मला लोहचुंबक म्हणजे काय ते समजावलं आणि समजलं म्हटल्यावर बक्षीस म्हणून फुगा दिला. फुगा मी परतताना बसमध्ये धरून होतो. मला कुणी जागा दिली नाही.

आपली भिंगरी शे-दोनशे माणसांपुढे काय बोलली म्हणून सांगू! मला त्यातलं अर्धं कळलं नाही, पण डोळे भरून आले. चष्मा पुसायचं निमित्त करावं लागलं. तिचे मोठे साहेब स्वतः मला म्हणाले की तुमच्या भाचीने नाव काढलं.

आता खरी गोष्ट. तिने एक सुबक वळणदार रेघ चौकटीत लावली होती. सगळे तीच बघत होते. शोभेसाठी म्हणून त्या यंत्राची कच्ची पट्टीही भिंतीभर लावली होती. तिच्यावर बारीक ओरखडे होते. ते रस्त्यावरच्या वाहनांचे धक्के, आम्ही ते गुळगुळीत करून घेतो, असं ती म्हणाली. मी सवयीने खिशातलं भिंग काढून धडधाकट डोळ्याला लावलं. एक ओरखडा. मग जरा जागा सोडून दोन. मग तीन. असे बारापर्यंत, आणि पुन्हा एक. ताई, बारापर्यंत मोजून परत एकावर येणारी वस्तू आभाळात असते का? मला अशी एकच वस्तू माहीत आहे आणि ती मीच तुझ्या हाती पाठवली होती.

टोल काढले म्हणून मी तिला सांगितलं ते खोटं होतं. चांगल्या घड्याळाची हातोडी काढायला माझा हात धजला नाही. घंटेवर माझ्या जुन्या कोटाचा तुकडा गुंडाळून दिला. आवाज येत नाही, पण हातोडी आपलं काम करतेच, आणि ती भिंत तळघराची.

मी तसाच तिच्या खोलीकडे गेलो. ती नको नको म्हणत आडवी आली, खोली आवरलेली नाही म्हणाली. आत शिरून मी मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. काट्याला काटा जुळलेला! तिचं तोंड माझ्याहून जास्त उघडं राहिलं होतं. म्हणजे माझं घड्याळ चोवीस तासांचं पक्कं आणि तिची ती हालचाल चार मिनिटं लवकर येणारी. दोघांचा संबंध नाही. माझं घड्याळ निर्दोष सुटलं.

तरी तीन दिवस अन्न गोड लागत नाही. ते ओरखडे डोळ्यांपुढून हलत नाहीत. तुला काय वाटतं ते कळव.

तुझा धाकटा,
घड्याळजी

९ फेब्रुवारी

चि. घड्याळजीबुवांस,
आशीर्वाद.

पोरीने शपथ घातली होती. ती मी मोडते आहे, पाप माझ्या माथी.

तुझं घड्याळ पुढे जातं. टांगलं त्या दिवसापासून जातं आहे. तुला वाईट वाटेल म्हणून ती वर्षभर खोटं लिहीत आली. तू टोलाबद्दल खोटं बोललास, कारण तुझा हात धजला नाही. दोघेही एकमेकांना जपत बसलात आणि मधल्या मधे नक्षत्रं उगवली.

मला विज्ञान कळत नाही, पण धोब्याचा हिशोब आयुष्यभर केला आहे. तिची ती हालचाल रोज जेवढी लवकर येते, तेवढंच घड्याळ रोज पुढे जातं असं धर, दिवसाला चार मिनिटं. वर्षाचे तास किती होतात ते पाटीवर मांडून बघ. चोवीस होतात. बरोबर दोन तारखेला टांगलं आणि बरोबर दोन तारखेला तू पाहिलंस. तुझं घड्याळ त्या दिवशी बरोबर नव्हतं रे, अख्खा एक दिवस पुढे होतं.

वीस तारखेला तिचा लेख जाईल. तो छापून आल्यावर दुसऱ्या कुणी भिंग लावलं, तर जगभर तिचं हसं होईल. तुझा मान मोठा की तिचं नाव, हे मी सांगायला नको. फोनवर तू अळंटळं करशील, तेव्हा लिहूनच कळव, आणि आजच.

माया आहे म्हणूनच कडू लिहिलं.

ताई

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आधी काम सांगतो, मग रड. हे पत्र मिळताच घड्याळाचा लंबक बोटाने थांबव आणि दोन दिवस वाट बघ. तुझे तारे चालू राहिले तर मी मूर्ख ठरेन, त्याची मला सवय आहे. ते थांबले तर लेख पाठवू नकोस.

घड्याळात हातोडी आहे. कापडात गुंडाळलेली, पण तासातासाला ठोके देते. तुझ्या पट्टीवरचे ओरखडे मोज, बारापर्यंत वाढत जातात आणि एकदम एकावर येतात, दिवसातून दोनदा, तुझ्या दांडीसारखेच. मी तिथे उभा राहून मोजले, पण साहेबांनी पाठ थोपटली, वर घड्याळाचे काटेही जुळले, म्हणून गप्प बसलो. याची लाज वाटते.

ते घड्याळ पुढे का जातं तेही ऐक. लंबकाखालच्या स्क्रूने चाल कमीजास्त करतात. ऑपरेशननंतर उजव्या डोळ्याला तो स्क्रू दिसत नाही. डावा भिंग लावून थकतो. मी तो अंदाजाने फिरवला आणि जमलं असं स्वतःला सांगितलं. मग तुझं पत्र आलं आणि मी ते खरं मानलं, कारण मला ते खरं हवं होतं. दुकानात आता लोकांचे पट्टे बदलण्यापलीकडे मी काही करत नाही. दुपारीच बंद करतो, कारण उन्हं कलली की मला दिसत नाही.

तुझी सहा वर्षं माझ्या कोटाच्या चिंधीत गेली. ताईवर रागावू नकोस.

काचेखालचं तुझं पत्र मी काढलं आहे.

तुझा,
मामा

२४ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

पत्र चौदा तारखेला मिळालं. वाचल्यावर मी तुमच्यावर चिडले, मग आईवर, मग हातोडीवर. शेवटी लंबकाला बोट लावलं. दांडी जी गप्प झाली ती आजवर गप्प आहे. माझे सगळे तारे मी एका बोटाने विझवले.

खोलीचं दार लावून पोटभर रडले. मग साहेबांकडे गेले. चिंधी घेऊनच गेले, नाहीतर त्यांना पटलं नसतं. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली. मग विचारलं की वर्षभर चुकीची वेळ दाखवणारं घड्याळ डोळ्यांपुढे असताना ते किती चुकतं हे मी का मोजलं नाही. मी म्हटलं, मामांचं होतं. हे कारण कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्यांना समजेना.

लेख गेला नाही. नोकरी कायम झाली नाही. मात्र विटांच्या भिंतीपलीकडून कोटात गुंडाळलेली हातोडी ऐकणारं यंत्र वाईट म्हणता येत नाही, म्हणून आणखी एक वर्ष मला तात्पुरतं ठेवलं आहे. तात्पुरतं राहण्यात आता माझा हात कुणी धरणार नाही.

तुम्हाला एक सांगायचं आहे, आणि हे खरं आहे. घड्याळाची चाल मी आता पट्टीवरून मोजली. ते दिवसाला तीन मिनिटं छप्पन्न सेकंद पुढे जातं. तळघराची आणि माझ्या खोलीचीही हवा वर्षभर सारखी ठेवतात, तरीही साहेब म्हणाले की इतकं नेमाने चुकणारं घड्याळ त्यांनी पाहिलेलं नाही. दुरुस्त करणाऱ्याचा हात काय असेल, असंही म्हणाले. ते माझं नाही, त्यांचं वाक्य आहे.

घड्याळ मी घरी आणलं आहे. कापड परत गुंडाळलं नाही. काल त्याचे टोल पहिल्यांदा ऐकले. आवाज फार गोड आहे, मामा. हातोडी काढली नाहीत ते बरं केलंत.

स्क्रू अजून तसाच आहे. मी रविवारी दुकानात घेऊन येते. कुठल्या बाजूला आणि किती फिरवायचा ते तुम्ही शेजारी बसून सांगा, मी फिरवीन. माझे डोळे चांगले आहेत, त्यांना सांगणारं कुणीतरी हवं हे आता सिद्धच झालं आहे. जमलं तर पुढच्या रविवारी दुसरं घड्याळ घेऊ. कुलूप लावायची घाई नको.

आणि काचेखाली हे पत्र ठेवा. लोभ आहेच. तो रोज थोडा पुढे जायला लागला, तर या वेळी नक्की कळवीन.

तुमची,
भिंगरी