सुट्टी मानवत नाही

१ जानेवारी २००७
संकल्प. मे महिन्यात आभाला घेऊन नेपाळ. पोरगी पंधरा वर्षांची झाली. आणखी दोन वर्षांनी बापाबरोबर बाजारातसुद्धा येणार नाही, तेव्हा आत्ताच नेलं पाहिजे. पासपोर्ट लागत नाही, तरी फॉरेन ते फॉरेनच. नागपूर-गोरखपूर स्लीपर, पुढे बसनं पोखरा, मग चार दिवसांचा ट्रेक. गाइड नाही, पोर्टर नाही. दोन्ही सॅक मीच उचलणार.
सुचित्रा म्हणाली, आधी आपल्या माडीवर न थांबता चढून दाखवा. बायकोला व्हिजन नाही.

७ जानेवारी, रविवार
प्रॅक्टिस सुरू. दिग्रसबाहेरची टेकडी. आभा बुटाची लेस बांधायला सात वेळा थांबली. दर वेळी मलाही थांबावं लागलं. अशानं हिमालय कसा व्हायचा?

८ जानेवारी, सोमवार
दुपारी मिलमध्ये छाती आवळली. खोकला. काल टेकडीवरची थंड हवा बाधली.

२२ जानेवारी, सोमवार
मोठा शोध लागला! तीन सोमवार नीट लक्ष ठेवलं. छाती सोमवारी आवळते, मंगळवारी जरा कमी, शनिवारी ठणठणीत. म्हणजे बाधते ती रविवारची सुट्टी. बावीस वर्षं कापसाच्या जिनिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे, शरीराला मिलच मानवते. येत्या रविवारपासून सुट्टी बंद. यंदा कापसाच्या गाड्या कमी, म्हणून मालकानं धूळ ओढणारे पंखेही बंद ठेवलेत, वीज वाचते. पण रविवारी झाडलोट करून घ्यायला माणूस लागतोच.

१२ फेब्रुवारी
खोकल्यावर गूळ सुरू आहे. मिलमध्ये सगळेच खातात, गुळानं घशातली रुई खाली उतरते. मशीनवर कापूस टाकणारी लालीबाई म्हणाली, "साहेब, थो कापूस छातीत बसला हाय. माह्या बी बसला. गुळानं काई उतरत नाई." मी तिला समजावलं, तुझा खोकला बिडीचा आहे. ती म्हणाली, मी बिडी ओढत नाही. वाद घालायची सवय.
ट्रेकसाठी गुळाच्या दोन भेल्या बाजूला ठेवल्या.

१८ मार्च, रविवार
मिल आटोपून टेकडी. अर्ध्यातून परत. ऊन फार. आभानं हात धरला, मी सोडवून घेतला. "बाबा, तुमच्या छातीतून शिट्टी काहून वाजून राह्यली?" मी म्हणालो, हा योगातला प्रकार आहे. ती रडायला लागली. टीनएजमध्ये असं होतं म्हणे.

१६ एप्रिल
डॉक्टरचं सर्टिफिकेट आणल्याशिवाय नेपाळला येणार नाही, असा आभाचा हट्ट. म्हणून यवतमाळ. तीच बरोबर आली. डॉक्टरनं मशीनमध्ये फुंकायला लावलं. तीनदा. मग म्हणाला, सोमवारी छाती आवळणं हीच कापसाच्या धुळीची खूण. सुट्टीत छातीला आराम मिळत होता, तोही तुम्ही बंद केलात. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. उरलेलं वाचवायचं तर मिल आजच सोडा. डोंगराचं नावच नको.
डॉक्टर अगदीच तरुण आहे. अनुभव नाही.
परतीच्या एसटीत आभा माझी बाही घट्ट धरून बसली होती. मला भीती वाटली. ड्रायव्हर फार जोरात चालवत होता.

२० एप्रिल
तिकिटं रद्द. ट्रेक दिवाळीत. तोवर मिल चालूच ठेवायची, एकदम सवय मोडली तर शरीर बिघडेल. आभाला नीट पटवून सांगितलं. तिनं डॉक्टरचा कागद दप्तरात जपून ठेवला. पोरगी समजूतदार आहे.

२४ एप्रिल
सकाळी मिलच्या गेटवर चौकीदार पंजाबरावांनी आडवा हात धरला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाऊ, तुमची पोरगी काल मालकाच्या घरी गेलती. डॉक्टरचा कागद दाखवला अन् म्हणे, माह्या बाबाले आत घेऊ नका. मालकानं आता तुमाले आत सोडू नको म्हटलं."
बावीस वर्षं. या कार्टीनं एका कागदात संपवली. संताप संताप झाला. तिथंच ठरवलं, तिच्याशी आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही.
गेटपासून घर पाऊण किलोमीटर. तिसऱ्यांदा बसलो तेव्हा दिसलं, आभा मागून येत होती. शाळेच्या ड्रेसमध्ये. म्हणजे गेटपासूनच मागे असणार. शेजारी येऊन बसली. ठरवलेलं विसरून मी चांगला झापायला तोंड उघडलं.
ती म्हणाली, "नका बोलू बाबा. पयले श्वास घ्या."
घेतला. पुरला नाही. परत घेतला. तिचा हात पाठीवर होता, तो मी काढला नाही.
घर येईपर्यंत तिच्याशी एक शब्द बोललो नाही. या वर्षात ठरवलेलं एवढं एकच पार पडलं, कारण बोलताच येत नव्हतं.